बेचाळीस बाटल्या

विद्यापीठाच्या फाटकावर पितळी अक्षरं आहेत:
सचोटी, सहभाग, समाज.
दुपारी इतकी तापतात
की हात लावला तर फोड यावा.
अकरा वर्षं मी त्यांच्याखालून जातोय,
गळ्यात ओळखपत्र: जल-प्रयोगशाळा, तंत्रज्ञ.

मार्चमध्ये निझव्याच्या पलीकडे, डोंगराखालच्या गावात गेलो.
करार झाला होता. फायलीत दोन सह्या:
एक कुलसचिवांची, फराट्याची,
दुसरी सुवैद बिन खल्फान यांची,
अंगठ्यापेक्षा जरा लांब रेघ.
ते फलजचं पाणी वाटतात.

फलज मला कुणी समजावून सांगावं लागलं नाही.
डोंगराच्या पोटातून उतारानं आणलेलं पाणी,
आधी पिण्याला, मग मशिदीला,
मग खजुरांना, ज्याचा जसा वाटा.
आमच्या पांझरेकाठी असेच फड,
आणि माझा बाप पाटकरी.
काठीच्या सावलीवरून सांगायचा
कुणाचं दारं कधी मोडायचं.
सख्ख्या भावाशी त्याचं पाण्यावरून वाकडं होतं, मरेपर्यंत.

मुलामुलींनी बाटल्या भरल्या, चिठ्ठ्या डकवल्या.
सुवैद दगडावर बसून मोजत होते.
शेवटच्या बुचाचा आवाज झाला तसे म्हणाले,
"बेचाळीस. कुणाच्या खात्यावर लिहू?"

मुलं हसली.
शैमा हसली नाही. ती बहल्याची,
तिच्या आजोबांकडेही अशीच वही होती.

माझी अरबी बाजारातली,
पण हिशोब बाजारातच कळतो.
म्हातारा म्हणत होता:
पाणी न्यायचं तर भागीदार व्हा.
भागीदार म्हणजे सही नव्हे.
भागीदार म्हणजे गाळ.
दर साली बोगदा उपसायचा असतो,
ज्याचा वाटा त्याचा माणूस.
तुमची माणसं चार, दिवस एक.

मी कचेरीत फोन केला.
बाई म्हणाल्या, अंदाजपत्रकात गाळ नाही.
बरं, लाभार्थी किती, तेवढं सांगा,
रकाना रिकामा राहिलाय.
मी म्हटलं, चार.
त्यांनी गावाची लोकसंख्या लिहिली.

ऑक्टोबरात गेलो. शैमा, मुआध,
खार्तुमचे डॉक्टर इद्रिस, ज्यांचे गुडघे दुखतात, आणि मी.
आत कंबर वाकवून चालायचं,
टोपली मागच्याच्या हातात द्यायची,
त्यानं त्याच्या मागच्याच्या.
अंधारात कोण प्राध्यापक ते कळत नाही,
फक्त कुणाची टोपली हलकी येते ते कळतं.
मुआधची हलकी येत होती.
दुपारनंतर येईनाशी झाली.
म्हणाला, उद्या परीक्षा आहे.
खरंच होती.

आमचा अहवाल तोवर तयार होता.
सगळं पाणी बरं, फक्त एका फाट्यावर नायट्रेट चढलेलं.
कुणीतरी सुचवलं, सरासरी देऊ,
पाहुणे आहोत आपण तिथे.
शैमानं आकडा होता तसा ठेवला,
फाट्याच्या नावासकट.

मशिदीच्या अंगणात सुवैदनी कागद वाचला.
बोट एका ओळीवर थांबलं.
तो फाटा त्यांच्याच मुलाच्या शेतातून येतो.
कॉफी आली. आम्ही प्यालो.
खजूर कुणी घेतला नाही.

पुढच्या खेपेला खताची पोती
काठावरून हललेली होती.
मुलगा समोरून गेला,
बापाला सलाम न करता.

निघताना सुवैदनी वही उघडली.
मशिदीच्या खाली, विधवा झुवैनाच्या वर
एक नवा शब्द: जामिआ.
विद्यापीठ, एवढंच, नाव नाही.
बाकी सगळी वही शाईची,
हा शब्द तेवढा पेन्सिलीनं.

मी विचारलं, असं का?

"तीन जणांनी दिवस भरला," ते म्हणाले.
"शाई पुढच्या वर्षी बघू."