मानस

चोडणला आमच्या खाजनाला एक दार आहे.
त्याला मानस म्हणतात. मनाशी त्याचा संबंध नाही,
किंवा असेलही, फटूकाकांना विचारायला हवे.
जुन्या किंदळाच्या फळ्या, वर शेवाळ, खाली खारा चिखल.
भरती आली की नदीच ते ढकलून लावते,
ओहोटीला शेतातले पाणी ते आतून उघडते.
माणसाने फक्त जागे राहायचे.
काका चाळीस वर्षे जागे आहेत.

गेली तीन वर्षे ते सकाळी चहाआधी एक गोळी घेत होते.
छातीत जळते म्हणून म्हापशाच्या फार्मसीवाल्याने दिलेली,
पंधरा दिवसांपुरती.
पंधरा दिवस कुणी मोजले नाहीत.
"पोट आता तळ्यासारखे गार झालेय," काका सांगत.
मी मान डोलवली.
बांबोळीच्या प्रयोगशाळेत नोकरी करते मी,
मला तेव्हाच सुचायला हवे होते
की गार राहावे म्हणून पोटाची नेमणूकच नाही.

मे महिन्यात दुलबाने तिसऱ्या आणल्या.
घाईघाईत वाफवल्या, निम्म्यांनी तोंडसुद्धा उघडले नव्हते.
एकाच टोपातून पाच जण जेवले.
चौघे ढेकर देऊन झोपले.
काका पहाटेपर्यंत न्हाणीतून बाहेर आले नाहीत.

दुसऱ्या दिवशी माझ्याच टेबलावर डबी आली:
फटू गोविंद चोडणकर, वय एकाहत्तर.
हातमोजे घालताना मी नाव दोनदा वाचले.
तिसऱ्या दिवशी हिरव्या थाळीवर हिरव्याच टिकल्या उगवलेल्या,
खाडीच्या पाण्यातले जुने रहिवासी,
आमच्याआधीपासून इथले.

आपण स्वतःला बंद घर समजतो.
पण तोंडापासून खालपर्यंत आपण एक पोकळ नळी,
जग आपल्यातून रोज आरपार जाते.
कातडीचा बांध बाहेरून,
डोळ्यांत खारट पाणी, कानात मेण,
नाकात केस आणि चिकटा,
आणि मधोमध हा आंबट डोह,
लिंबाहून जहाल,
जिथे भाताबरोबर उतरलेले बहुतेक जंतू
ओळख सांगायच्या आत विरघळतात.
डोहाला स्वतःचेच काठ जळू नयेत म्हणून
भिंतीवर बुळबुळीत लेप, रोज नवा.
काका बांधाला चिखल थापतात तसा.

चौघे वाचले ते केवळ या डोहामुळे, असे मी म्हणणार नाही.
कुणाच्या वाट्याला किती तिसऱ्या आल्या, कोण जाणे.
पण डॉक्टर कारापुरकरांनी गोळीची पट्टी हातात घेतली
आणि बराच वेळ ठेवली नाही.

चौथ्या दिवशी सलाईन काढल्यावर काकांना मी हे सांगितले,
मानशीच्या भाषेत, मला दुसरी येत नाही.
ते ऐकून घेत होते. मग म्हणाले,
"म्हणजे मी माझीच मानस उघडी टाकून झोपलो?"
मी म्हटले, तसेच काहीसे.
"आणि जळत होते ते?"
तेही खरे होते. वरचे दार सैल झाले होते,
डोह उलटा चढत होता.
गोळी खोटी नव्हती, काका. तीन वर्षे खोटी होती.

ते छताकडे बघत राहिले.
"भात कापल्यावर आम्ही खारे पाणी मुद्दाम आत घेतो," म्हणाले,
"तण मरते. सगळेच पाणी वैरी नव्हे.
किती घ्यायचे आणि कधी, तेवढेच काम."
हे मी त्यांना आतड्यांबद्दल सांगणार होते.
राहून गेले.

आता रात्रीचे जेवण दिवेलागणीला,
उशाखाली दोन विटा, गोळी अधूनमधून, डॉक्टर सांगतील तेव्हा.
तिसऱ्या खातात, पण आधी एकेकीचे तोंड तपासून.

काल अमावास्येची भरती होती.
फोन केला तर मागे पाण्याचा आवाज.
"दार लागले," म्हणाले, "पण बांधात कुर्ल्यांनी बीळ केलेय,
अंगठ्याएवढे. सकाळी बघतो."
मी म्हटले, आत्ताच बघा.
"आत्ताच बघतोय," काका म्हणाले,
"तू फोन ठेव, माझा हात चिखलात आहे."
आणि हाताला कुठे खरचटले तर नाही ना,
हे विचारायच्या आत
फोन पाण्याच्या आवाजात बंद झाला.