हॉर्नकडून उसनं

धावताना गार, थांबली की तापते.
एवढंच सांगता यायचं मला या गाडीबद्दल,
आणि मेहिकालीत, सीमेच्या रांगेत,
थांबणं हाच तर प्रवास.

दुपारचे तीन. सत्तेचाळीस अंश.
पलीकडे सहाची पाळी, दंतवैद्याच्या दवाखान्याची फरशी.
अलीकडे माझी त्सुरू, ब्याण्णव सालची,
रंग पूर्वी लाल होता म्हणतात.
काटा अर्ध्यावरून उठला,
म्हातारा खुर्चीतून उठतो तसा, पण बसेना.
मी एसी बंद केला, काचा खाली केल्या,
आणि हीटर लावला. पूर्ण.
शेजारच्या गाडीतली पोरगी बघतच राहिली.
इंजिनाची आग मी मांड्यांवर ओतून घेत होते.
काटा केसभर खाली आला.
मी नाही आले.

तेवढ्यात प्राक्सेदिस, बर्फाच्या कांड्यांची पेटी गळ्यात.
कांडी पुढे करायची सोडून त्यानं कान पुढे केला.
"पंखा बोलत नाही तुझा. कधीपासून?"
मला काय ठाऊक.
बंद पडलेल्या आवाजांची तारीख
कोण लिहून ठेवतं?

"बंद कर इंजिन. उघड बॉनेट."

फ्यूज उपटून त्यानं उन्हासमोर धरला.
आतली तार शाबूत.
रांग सरकली. दोघांनी मिळून गाडी ढकलली,
एका गाडीएवढं अमेरिकेकडे.

मग बॅटरीपासून थेट पंख्याला वायर.
ठिणगी उडाली, आणि पाती गरगरली,
दोन मेलेले नाकतोडे आणि एक पिसू-पावडरचं पाकीट उडवत.
"जिवंत आहे," तो म्हणाला,
"याला कुणी उठवतच नाही, एवढंच."
रांग सरकली. ढकललं.
त्याच्या पेटीत चिंचेचं आणि आंब्याचं पाणी
एकमेकांत मिसळायला लागलं होतं.
"तुमचा माल वितळतोय," मी म्हटलं.
तो ऐकत नव्हता, म्हणजे मला ऐकत नव्हता:
काडेपेटीहून लहान एक काळी डबी
कानाशी धरून हलवत होता.
खुळखुळली.
"रिले. ही गेली."

शेजारीच तशीच दुसरी डबी, तितकीच काळी.
"ही हॉर्नची," तो म्हणाला. "हॉर्न लागतो तुला?"
मागचा पिकअप तेव्हा नरडं फाटेस्तोवर बोंबलत होता.
मी वळून पाहिलं.
म्हटलं, नाही.

चावी फिरवली. एसीचं बटण.
पुढे कुठेतरी टक् झालं,
आणि पंखा असा सुरू झाला
की मला लाज वाटली, इतके दिवस
ही शांतता मला चांगली वाटत होती.
झडपांतून आधी जुन्या मोज्यांचा वास आला,
मग कोमट, मग गार.

पैसे घेईना. पेटीत उरलेलं मी विकत घेतलं:
रंगीत पाणी आणि अकरा काड्या.
त्यानं माझ्या तळव्यावर पेनानं रिलेचा नंबर लिहिला.
"पलीकडे मिळेल, दहाएक डॉलरला.
दुकान कुठलं, ते मला विचारू नकोस."
एकोणीस वर्षं तो या रांगेत विकतोय.
ती चौकी त्यानं मागून पाहिलेली नाही.

चौकीतल्या माणसानं विचारलं, काय आणलंय?
काही नाही, मी म्हटलं.
मूठ मिटलेली होती.
घामानं शेवटचा आकडा फिसकटला:
तीन होता की आठ?
मी दोन्ही घेतल्या.

आठची बसली.

दुसऱ्या दिवशी तो सहाव्या लेनमध्ये, मी दुसऱ्या.
मध्ये शंभर गाड्यांची टपं, पाण्यासारखी हलणारी.
हाक पोचली नसती.
मी हॉर्न दाबला. लांब, निर्लज्ज.
अख्खी रांग वळून मला शिव्या घालायला लागली.
एकच माणूस वळला तो डोळ्यांनी नाही,
आधी कानानं.