चार बोटं वर

शनिवारी सकाळी चर्चच्या तळघरात सहा टेबलं मांडलेली,
कालच्या मटारच्या सुपाचा वास भिंतींना अजून चिकटून.
बाहेर उणे बावीस. डुलुथचं सरोवर
गोठता गोठता मध्येच कण्हत होतं.
आयली कोर्पेला म्हणाली, कोट काढा, घड्याळं काढा, अंगठ्या काढा.
माझी निघेना.
सिंकपाशी साबण लावून दोन मिनिटं झगडले,
तेव्हा निघाली,
आणि बोटावर एकवीस वर्षांचं पांढरं वळं उरलं.

हात अंगाच्या चार बोटं वर धरा, ती म्हणाली.
स्पर्शाच्या अलीकडे थांबा.
डोक्यापासून पायांपर्यंत सावकाश,
इस्त्री तापली का बघतो तसं.
कुठे ऊब लागेल, कुठे गार, कुठे मुंग्या.
काही लागलं नाही तर?
तर लिहा, काही लागलं नाही.

मला काही लागलं नाही.
शेजारची डार्लीन डोळे मिटून पुटपुटली,
इथे, डाव्या खांद्याशी, झरा आहे झरा.
मी वाकून बघितलं. स्वेटर होता.

पहिल्या पातळीचे तीनशे चाळीस डॉलर, कॉफी धरून.
प्रमाणपत्र पाचवीनंतर,
त्याआधी शंभर माणसं आणि शंभर नोंदी.
अठरा वर्षं रात्रपाळीची नर्स मी,
हातावर पोट होतंच.
आता ते हात हवेत धरून भरेल का,
एवढंच बघायचं होतं.

पहिला नवराच. म्हणाला, पाकीट शोधतेयस का माझं?
आणि घोरायला लागला.
बहीण आडवी पडली ती फोन कानाला लावूनच.
कुत्रीला मी अकरावी धरलं होतं;
कुत्री मोजत नाहीत, हे मागाहून कळलं.
एका मंगळवारी कोणीच आलं नाही,
तेव्हा रिकाम्या टेबलावर हात धरून उभी राहिले थोडा वेळ,
मग जाऊन भांडी घासली.

एकेचाळिसावा वेंडेल ओस्टबी.
हॉस्पिसची शेवटून दुसरी खोली, खिडकीत पक्ष्यांसाठी चरबीचा गोळा.
कागदाच्या गिरणीत छत्तीस वर्षं,
उजव्या हाताची दोन बोटं रोलरने नेलेली.
मी शिकवल्याप्रमाणे डोक्यापासून सुरुवात केली,
कपाळ, गळा, छाती,
आणि त्या हातापाशी, कशी कोण जाणे,
बोटं जिथे असायला हवी होती
त्या चादरीवर थांबले.

हां, तो म्हणाला. तिथे.
काय होतंय?
ऊन लागतंय त्यांना.

मला काही लागत नव्हतं. खरं सांगते.
माझे तळवे थंड होते, खांदा भरून आला होता,
आणि खाली पार्किंगमध्ये कोणाची तरी गाडी सुरू होत नव्हती.

मग एक डोळा उघडून तो म्हणाला,
पोरी, असा वरच्यावर काय धरलायस हात?
मी काय तवा आहे?
ठेव की खाली.

मी ठेवला.
तीन बोटांनी त्याने तो असा धरला
जसा गिरणीत कागदाचा ताव धरत असेल,
फाटू नये एवढा, सुटू नये एवढा.
चाळीस मिनिटं. औषधाची वेळ टळली
तरी हाक मारली नाही कोणाला.

रात्री नोंदवहीत रकाना होता: काय जाणवले?
लिहिलं: काही नाही.
पुढचा रकाना: पद्धतीत बदल?
लिहिलं: होय. हात टेकवला.
परीक्षेत उडवणार, असं धरूनच वही पाठवली.

परत आली तेव्हा आयलीच्या लाल पेनाने
त्या ओळीशेजारी एकच शब्द होता, प्रश्नचिन्हासकट:
कोणी?

अजून बेचाळीस बाकी आहेत.
हॉस्पिसने गुरुवारचे दोन तास दिलेत, तासाला अठरा डॉलर,
पगाराच्या यादीत हार्प वाजवणाऱ्या बाईच्या खाली,
हुद्दा: इतर.
अंगठी कोटाच्या खिशात असते.
दर गुरुवारी घालून बघते,
जात नाही. बोटं सुजलीत बहुतेक.
नवऱ्याने अजून विचारलेलं नाही.