त्रेचाळीस नावं

जिनिंगच्या खटल्यात साक्षीदार त्रेचाळीस,
आठ वर्षांत गेले चार.
नानाजी उईके सापानं, एक उन्हानं,
एक दारव्ह्याच्या वळणावर,
अन् वासुदेव ढोक विहिरीत.
"चारही आपोआप?" तंबाखू मळत
पुंजाराम डोळे बारीक करतो.

जन्ममृत्यूचं रजिस्टर वीस वर्षं माझ्या हातचं.
साठीच्या माणसांत दरसाल शेकडा दोन जातातच,
कोणी मारो न मारो.
कॅलेंडरच्या पाठीवर मांडून दाखवलं:
सहा-सात जायला हवे होते, पुंजाराम,
उलट कमीच गेलेत.
आखाडात साप शेवंतालाही चावला;
तिचं नाव कुठल्या यादीत नव्हतं,
म्हणून तिची गोष्ट झाली नाही.

तो म्हणाला, "गनित बराबर हाये भाऊ.
पन ढोक पट्टीचा पोहनारा व्हता."

होता.
गावचा गणपती तोच शिरवायचा,
त्याच विहिरीत.

सरासरीत मिसळला की वासुदेव दिसत नाही.
वेगळा काढला की नुसता वासुदेव उरतो, ओला,
अन् एकट्याची टक्केवारी निघत नाही.

कॅलेंडर परत खिळ्याला लावलं.
यादीत मी एकोणतिसावा.