काट्यावर वीस शब्द

सोहार बंदराच्या वजनकाट्यावर माझी रात्रपाळी.
आठच्या सुमाराला शाल्मलीचा निरोप आला,
कुजबुजत, आई झोपलीय म्हणून:
बाबा, जी आणि एच शेजारी शेजारी आहेत
पण बोलत नाहीत, असे वीस शब्द हवेत.
उद्या. शाळेच्या आधी.
घोस्ट चालणार नाही, त्यात घ ऐकू येतो.

नाइट हजेरीपटावरच होता.
लाइट समोर खांबावर, किडे घोंघावणारा.
मग राइट, टाइट, फाइट,
एकाच साच्यातल्या विटा.
आणि साइट, पण नजरेची.
आमची बांधकामाची साइट त्यात बसत नाही,
तिला जी-एच परवडले नसावेत.

मुराद बख्श क्रोमाइट भरून आला.
त्याला इंग्रजी वाचता येत नाही.
त्याने बिल्टी काढली, फ्रेटवर बोट ठेवलं:
याच्यात बघ, गरजेपेक्षा जास्त माल भरलाय.
सातवा.
फिलिपिनो रोडेलने एट, एटीन, एटी
एका दमात सांगून चहा वसूल केला.
गेटवरचा खलफान म्हणाला, लाफ,
आणि हसून दाखवला.
नाही रे, त्यात फ ऐकू येतो.
मग तुझंच नाव लिही, गाग.
आम्ही चिपळूणचे घाग.
आमचा घ याच्या घशात
मिठाच्या पाण्याची गुळणी होतो.

वजन होताना ड्रायव्हर खाली उतरत नाही.
रिकामी गाडी येते तेव्हा तो आत,
भरलेली जाते तेव्हाही आत,
म्हणून बिलात कुठेच नाही.
एकदाच उतरला तर
सत्तर किलो खनिज कमी भरतं
आणि मस्कतहून फोन येतो.

दोन ते चार गाड्या नसतात.
हाय, साय, हाइट, स्ट्रेट, नेबर.
दो. थ्रू. थॉट.
आणि डॉटर, जो पहिल्यापासून माहीत होता
पण मी शेवटाला राखून ठेवला होता,
लहानपणी ताटातली बोंबलाची कुडकुडी ठेवायचो तसा.
विसावा माझ्या खिडकीवरच्या पाटीचा:
वेब्रिज.

पहाटे यादी वाचायला घेतली.
जुन्या पावतीच्या पाठीवर, हाताच्या सवयीने,
सगळी देवनागरीत.
नाइट. फ्रेट. डॉटर.
वीस शब्दांत एकही जी-एच नाही!
आपली लिपी भाबडी,
जे ऐकू येत नाही ते ती लिहीतच नाही.
रात्रभर गोळा केलेलं चाळणीतून गेलं.

तिकडे सात म्हणजे इकडे साडेपाच.
फोनवर एकेक अक्षर सांगत बसलो,
एन, आय, जी, एच, टी,
पोत्यात पुन्हा माल भरावा तसा.
डॉटरपाशी तिने थांबवलं.
तो बाईंनी फळ्यावर आधीच लिहिलाय, उदाहरण म्हणून.
दुसरा दे, रिक्षा आली.

दुसरा. दुसरा.
ब्रॉट लिही. म्हणजे आणलं.
काय आणलं?
वाक्यात उपयोग करायचाय का?
नाही.
मग राहू दे.

संध्याकाळी वहीचा फोटो आला.
एकोणीस बरोबर.
वेब्रिजभोवती लाल गोल, पुढे प्रश्नचिन्ह.
बाई म्हणाल्या, असा शब्द नसतो.
मग तू काय म्हणालीस?

म्हटलं, असतो.
बाबा त्यात बसतो.