परदेशी नागरिकांसाठी

खिडकीतल्या माणसाने पासपोर्ट पाहिला, मग मला,
मग पुन्हा पासपोर्ट.
"पेणकर? म्हणजे पेणच्याच की तुम्ही."
"पणजोबा," मी म्हटलं. "एका माणसाचं तिकीट कितीला, भाऊ?"
"मराठी झकास बोलता. पण दर या पुस्तकावर ठरतो,
जिभेवर नाही."
कितीतरी पट पैसे मोजून दिले.
बरोबरच होतं त्याचं.

आई विमानाला इमान म्हणायची.
चौसष्ट सालच्या इमानात ती बसली तेव्हा मी तिच्या पोटात होते,
लोदला पोचून दोन महिन्यांनी बाहेर आले.
तसं धरलं तर मुंबईत मी आधीही होते,
फक्त काही पाहिलं नव्हतं.

पिशवी ठेवून घेतली, बिल्ला दिला: एकेचाळीस.
घुमटाखाली गार होतं.
"एकट्याच?" पहिल्या दारावरच्या माणसाने विचारलं,
दुसऱ्या दारावरच्यानेही,
आणि जिन्यात वारा घेत बसलेल्या एका बाईने तर
माझ्या मागे कोणी येतंय का तेही वाकून पाहिलं.
एकटीच, हो. मुलगा म्हणाला होता ग्रुपबरोबर जा.
ग्रुपला म्हणे इथे चाळीस मिनिटं देतात.

नाक तुटलेले, हात तुटलेले दगडी देव.
आमच्यात मूर्तीपुढे थांबत नाहीत.
मी थांबले. हातांचं काय करायचं ते कळेना,
म्हणून माहितीपत्रक धरून ठेवलं दोन्ही हातांनी.
शेजारी शाळेतल्या पोरी, रांगेत, निळ्या रिबिनी;
एकीने माझ्याकडे बघून पटकन चप्पल काढली,
मी काहीतरी पाळतेय असं वाटून.

दुपारी टॅक्सी करून भायखळ्याला.
तिथे काचेमागे वीतभर उंचीची माती-माणसं:
कोळी, शिंपी, पगडीवाले, पगड्याच पगड्या.
मी त्यांच्यात तेली शोधत होते.
पणजोबांचा घाणा शनिवारी बंद असायचा,
म्हणून गावाने नाव पाडलं शनवार तेली,
आणि बैलालासुद्धा वार कळायचा, असं आई सांगे.
एका कपाटात सापडला एक.
घाणा, बैल, बैलाच्या डोळ्यांवर झापड.
खाली पाटीवर फक्त: तेल काढणारा.

राखणीला वैजयंती कासारे, छातीवर नाव लिहिलेलं.
मी विचारलं, "हा सुटी कोणत्या वारी घेतो हो?"
तिने मला नीट न्याहाळलं.
"आमच्याकडे बुधवारी बंद असतं."
मग स्वतःच म्हणाली, "म्हणजे हा बुधवारचा."

खूप वेळ हसलो आम्ही. दुसऱ्या दालनातून शुक् शुक् आलं.
मी म्हटलं, "फडताळाची काच जरा पुसायला हवी."
"काय म्हणालात?"
"काच. फडताळाची."
"सासूबाई गेल्यापासून हा शब्द ऐकला नव्हता," ती म्हणाली,
आणि पलीकडच्या पोराला हाक मारली,
"अरे समीर, ये, यांचं बोलणं ऐक.
बोला ना मावशी, अजून एखादा."

मला एकही आठवेना.
दोघं उभी, हात मागे बांधून,
जशी माणसं काचेपुढे उभी राहतात.
शेवटी म्हटलं, "इमान."
समीर म्हणाला, "हे तर आम्ही पण म्हणतो. इमानदार."
मी त्याला खोडलं नाही.

संध्याकाळी हॉटेलात बुटाची लेस सोडताना
खिशातून बिल्ला पडला. एकेचाळीस.
फोन केला. वाजत राहिला.
सहाला कुलूप लागतं, उद्या या, असं खालच्या माणसाने सांगितलं,
महत्त्वाचं काही होतं का त्यात?

छत्री होती. अर्धी पोळी, विमानातला साबण,
आणि आईचा चष्मा, जो मी
कशासाठी बरोबर घेतला होता कोण जाणे,
तिचा नंबर मला लागत नाही.
तो आज रात्री तिथेच आहे,
घुमटाखाली कुठेतरी, बंद दाराआड,
घडी न घातलेला.