कितवे

आखाड्याचं पावतीपुस्तक माझ्याकडे असतं,
संध्याकाळी साडेपाच ते आठ.
दांडिया बाजारातून आत, गिरणीला वळसा घालून,
जिथे नव्या माणसाला वाटतं आपण चुकलो
तिथंच आमचं दार.

वाकूनच यावं लागतं.
तो जरा जास्तच वाकून आला.

पावतीवर रकाने चार.
नाव : मुलेंगा. वय : बावीस.
मूळ गाव?
"कितवे."

क्षणभर वाटलं, वाघोडियाच्या हॉस्टेलात राहून
हा मराठी कुठे शिकला,
आणि शिकला तर मलाच उलट काय विचारतोय.
मग त्यानं माझं पेन घेतलं,
पावतीच्या पाठीवर आफ्रिका काढली, ओबडधोबड पपईसारखी,
आणि खाली, आतल्या बाजूला, एक ठिपका.
कितवे. झांबिया. तांब्याच्या खाणी.
तिथे खाणकामगारांच्या क्लबात तो जुडो खेळायचा,
फुकट. चटई तेवढी फाटकी.

बडोद्यात आल्यापासून शोधत होता.
अलकापुरीत काचेमागे महिना साडेचार हजार,
ड्रेस त्यांच्याकडूनच, परीक्षेचे वेगळे,
पट्टे इतके रंगांचे
की इंद्रधनुष्य संपून वर दोन उरतात.
दुसऱ्या ठिकाणी पहिल्या दिवशी फोटो काढला,
दुसऱ्या दिवशी तो फलकावर :
आमचे आंतरराष्ट्रीय विद्यार्थी.
सर मात्र तिसऱ्या दिवशीही आले नाहीत.
तिसरीकडे भाव त्याच्याकडे बघून सांगितला,
शेजारच्या मुलाला ऐकू जाणार नाही इतक्या हळू.

म्हणजे हे चौथं, मी म्हटलं.
महिन्याला शंभर, विद्यार्थी असशील तर.

शंभर?
तो खिशात हात घालून उभाच राहिला.
फसवलं गेलेल्या माणसाला
स्वस्ताची जास्त भीती वाटते.

खानविलकर उस्तादांचा एक गुडघा वाकतो, एक नाही.
त्यांनी त्याला नखशिखांत पाहिलं, आणि हातात खोरं दिलं.
महिनाभर तेच.
हौद उकर, ढेकळं फोड, ताक घाल, हळद घाल,
तेल मुरव, पुन्हा उकर.
हॉस्टेलची पोरं हसायची म्हणे, पैसे देऊन मजुरी करतोस?
वडील पैसे घेऊन खणतात, तो म्हणाला,
मी देऊन.
आणि मूठभर माती नाकाशी नेली.
रंग तोच, म्हणाला. वास वेगळा.

श्रावणात उस्तादांनी त्याला भाविकशी जोडलं,
फरसाणवाल्या पटेलांचा धाकटा, अंगानं मजबूत.
मी पावतीपुस्तक मिटून दारात आले.
काय झालं ते नीट दिसलंच नाही,
एक कंबर वळली,
आणि भाविक आकाशाकडे बघत होता,
तोंडात माती, डोळ्यांत कौतुक.
असं आमच्याकडे करत नाहीत.
सगळे उस्तादांकडे बघायला लागले.
ते पाय ओढत हौदात उतरले, मुलेंगाचा घोटा धरला.
"हे तुझं. छान आहे.
आता आमचं बघ."
आणि तो पडला,
हळूच, उशीवर ठेवल्यासारखा.

आता गुरुवारी तो पोरांना तो डाव शिकवतो.
उस्ताद म्हणाले, याची पावती फाडू नकोस.
पण एक तारखेला तो रांगेत उभा.
शंभराची नोट, घडी न घातलेली.
पावती हवीच, म्हणतो.
इथला कुठलाही कागद त्याला तात्पुरता म्हणतो,
एवढा एकच काही म्हणत नाही.

काल नाव लिहिताना त्यानं विचारलं,
तुझं मूळ गाव?
बडोदा.
ते राहायचं. मूळ?
पणजोबा घाटावरून आले, लष्करात, एवढं ऐकून आहे.
त्यांच्याही आधी कुठून तरी, तिथेही कुठून तरीच.
गावाचं नाव आत्याला ठाऊक होतं.
आत्या गेली.

कितवे? मी म्हटलं, अर्धं स्वतःशीच.

तो मनापासून हसला.
त्याला वाटलं, मी त्याच्या गावाचं नाव घेतलं.